संगीतविषयक नियतकालिकांतील लेखकवर्ग : ‘संगीत कला विहार’च्या निमित्ताने काही विचार

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘विविधज्ञानविस्तार’, ‘मनोरंजन’, ‘सत्यकथा’ यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्यांच्या संपादकांवर आणि लेखकांवर प्रबंधही लिहिले गेले. केवळ संगीताला वाहिलेल्या मासिकांचा विचार मात्र मराठी विभागांतून क्वचितच होतो. साहित्याचे अभ्यासक ती संगीताची मासिके मानून बाजूला ठेवतात, आणि संगीताचे अभ्यासक त्यांतील माहिती वेचून घेतात, पण त्या माहितीमागच्या गद्याकडे पाहत नाहीत. अशा मासिकांतून कोण लिहीत होते, कोणत्या अधिकाराने लिहीत होते आणि त्या लेखनासाठी त्यांनी कोणती भाषा घडवली, या प्रश्नांची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

विवेचनासाठी ‘संगीत कला विहार’ हे मासिक मध्यवर्ती धरले आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर २१ ऑगस्ट १९३१ रोजी निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाचे मासिक म्हणून ‘संगीत कला विहार’ १९४७ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या संपादनाची धुरा प्रा. बा. र. देवधर यांनी वाहिली. संगीताचे मासिक काढण्याची कल्पना या परंपरेला नवी नव्हती. विष्णु दिगंबरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिक चालविले होते, आणि स्वतः विष्णु दिगंबरांनी लाहोरहून ‘संगीतामृत प्रवाह’ काढले होते. गवयाने मासिक काढावे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किती धाडसाची होती हे आज सहज ध्यानात येत नाही. विद्या गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जायची आणि चीज देणे म्हणजे मुलीच्या लग्नात हुंडा देण्याइतकी मोलाची गोष्ट समजली जायची, असा तो काळ होता. त्या काळात वर्गणी भरणाऱ्या कोणाही वाचकासमोर संगीताची बाब मांडणे हे घराण्याच्या अर्थकारणालाच हात घालणे होते.

अशा मासिकाला ‘स्वतंत्र’ म्हणताना थोडे थांबावे लागते. ‘संगीत कला विहार’ ग्रामोफोन कंपनीचे वा चित्रपटसंस्थेचे प्रचारपत्र नव्हते, कोणा दरबाराच्या आश्रयावरही ते जगत नव्हते. परंतु ते एका संस्थेचे मुखपत्र होते. त्या संस्थेच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांचे जाळे हाच त्याच्या वाचकवर्गाचा पाया होता. अशा मासिकात मंडळाच्या परंपरेचीच आरती ओवाळली जाण्याचा धोका असतो. देवधरांनी हा धोका बऱ्याच अंशी टाळला, हे त्यांचे संपादक म्हणून मोठे श्रेय आहे. पलुस्करांच्या शिष्याने भातखंड्यांविषयी आदराने लिहावे, आणि आपल्या परंपरेबाहेरच्या अल्लादिया खाँ, अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ यांच्यासाठी मनापासून जागा करावी, ही त्या काळातील संस्थाभिमान पाहता साधी गोष्ट नव्हती.

देवधरांचा जन्म मिरजेचा, १९०१ सालचा. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत संगीताचे विद्यालय काढले. कुमार गंधर्व लहानपणी तेथेच शिकले. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला होता आणि आवाजाच्या जोपासनेचे शास्त्र हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय होता. परंतु लेखक म्हणून त्यांचे वेगळेपण त्यांच्या ऐकण्यात आहे. मुंबईत येणारा गवई देवधरांच्या विद्यालयात येई, गाई, बसे, बोले. आपली वंशावळ, गुरूच्या घरची सेवा, दरबारातील मानापमान, अमुक रागाच्या अमुक जागेवरून झालेला वाद, असे सारे तो सांगे आणि देवधर ते मनात साठवीत. या साठ्यातून मासिकासाठी चरित्रलेख तयार झाले. पुढे त्यांतूनच ‘थोर संगीतकार’ हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १९९३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. सिंदे खाँ यांच्यासारख्या फकिरी वृत्तीच्या, मैफलींच्या जगाने जवळजवळ विसरलेल्या गायकाविषयी आपल्याला आज जे काही कळते, त्यातले पुष्कळसे देवधरांमुळेच कळते.

हे लेख वाचताना एक गोष्ट जाणवते. ते कागदावर लिहिलेले असले तरी त्यांची घडण बैठकीतल्या गप्पांची आहे. एक आठवण निघते, तिला दुसरी जोडली जाते, मध्येच एखाद्या चिजेचा उल्लेख येतो, आणि सनावळी मागे राहते. इतिहासकाराला यामुळे अडचण होते. एकच प्रसंग दोन घराण्यांत दोन नायकांच्या नावावर सांगितला जातो, आणि लेखक त्यांतला एक निवडून पुढे जातो. म्हणून या लेखनाकडे दस्तऐवज म्हणून पाहण्यापूर्वी कथनप्रकार म्हणून पाहावयास हवे. बखर वाचताना आपण जी सावधगिरी आणि जो रसिकपणा एकत्र बाळगतो, तसाच काहीसा पवित्रा येथे घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते देवधरांचे चरित्रलेख मराठीतील व्यक्तिचित्रांच्या परंपरेत बसवूनच वाचले पाहिजेत. संगीताच्या अभ्यासक्रमापुरते ते मर्यादित ठेवल्याने आपले नुकसान झाले आहे.

देवधर स्वतः गायक होते. परंतु त्यांच्या आगेमागे संगीतावर मराठीत लिहिणाऱ्यांकडे पाहिले, तर बहुतेकांची उपजीविका दुसरीच होती असे दिसते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. गणेश हरी रानडे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. स्वर आणि कंपन यांचा संबंध त्यांनी शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने मांडला, तरी ‘संगीताचे आत्मचरित्र’ असे ललित नाव आपल्या मराठी पुस्तकाला देण्याचा मोह त्यांना आवरला नाही. वामनराव देशपांडे सनदी लेखापाल होते. दिवसा हिशेब तपासणारा हा गृहस्थ सुरेशबाबू माने आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे तालीम घेत असे, आणि त्या दुहेरी शिस्तीतूनच १९६१ मध्ये ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आले. घराणी म्हणजे केवळ वंशवृक्ष नव्हेत, स्वर आणि लय या दोन तत्त्वांना कोण किती प्राधान्य देतो यावरून त्यांची जागा ठरते, असा त्यांचा सिद्धांत. त्यानुसार एका टोकाला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या टोकाला लयप्रधान आग्रा, आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर अशी मांडणी त्यांनी केली. या मांडणीत ताळेबंद जुळवणाऱ्याची नजर दिसते असे म्हटले, तर ती थट्टा समजू नये. जयपूरची तालीम घेतलेल्या लेखकाच्या ताळेबंदात शिल्लक जयपूरकडेच निघावी, याची नोंद मात्र वाचकाने करून ठेवावी.

केशवराव भोळे यांचे उदाहरण थोडे निराळे आहे. ‘अमृतमंथन’ आणि ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या चित्रपटांचे ते संगीतकार, म्हणजे या व्यवसायातलेच. पण समकालीन गायकांवरची टीका त्यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने लिहिली. ज्याच्या गाण्यातील दोष दाखवायचे, तोच उद्या मैफलीत शेजारी बसणार. तेव्हा टोपणनावाची सोय उघड आहे. तरीही निवडलेले नाव सूचक वाटते. गुरूने दारात उभे केले नाही तरी दुरून पाहून विद्या मिळवणारा, असा एकलव्य. संगीतावर लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतील कितीतरी जणांची स्थिती नेमकी हीच होती. घराण्याच्या आत त्यांचा जन्म नव्हता, आणि कान मात्र आत गुंतलेला होता.

भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. नाद शब्दांत कसा धरायचा? बैठकीतल्या बोलीत त्यासाठी शब्द होते, पण ते बहुतांशी उर्दू-हिंदीतून आलेले आणि उस्तादांच्या तोंडचे : बढत, उपज, पेच, खटका, नजाकत, दाणेदार तान. शास्त्रग्रंथांतले शब्द संस्कृत : मूर्च्छना, अलंकार, आंदोलन, गमक. तिसरा साठा घरगुती मराठीचा. आवाज घुमारदार, तान गरगरीत, स्वर ठसठशीत, गाणे लडिवाळ किंवा कोरडे, ही विशेषणे माजघरातून आणि शेतातून मैफलीत आली. संगीतविषयक मराठी गद्य या तीन थरांच्या मिश्रणातून घडले. ‘जागा’ हा शब्द पाहा. घरातली जागा, नोकरीची जागा, आणि गाण्यातली जागा म्हणजे रागाच्या प्रवाहात अवचित सापडलेले सौंदर्यस्थळ. या अर्थाने तो इतका रुळला की त्याला पर्याय शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. जेथे एकच थर वापरला जातो, तेथे हे गद्य निर्जीव होते. केवळ संस्कृत परिभाषेत लिहिलेले रागवर्णन परीक्षार्थीच्या वहीत शोभते, तर केवळ दाद देणाऱ्या विशेषणांनी भरलेले मैफलीचे वृत्त दुसऱ्या दिवशी शिळे होते. देवधर, भोळे आणि गोविंदराव टेंबे यांच्या लेखनात तिन्ही थर सहज मिसळतात. टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ चा. हार्मोनिअमवादक, नट, संगीतरचनाकार अशा अनेक भूमिकांतून फिरलेल्या माणसाची ती भाषा आहे.

या सगळ्या लेखकवर्गाची एक बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे. देवलांच्या श्रुतिसंशोधनाला अब्दुल करीम खाँ यांनी प्रत्यक्ष गाऊन साह्य केले. गळा त्यांचा, ग्रंथ देवलांचा. ही विभागणी पुढेही चालू राहिली. गाणारे पुष्कळसे मुसलमान उस्ताद वा कलावंतीण घराण्यांतील स्त्रिया, लिहिणारे प्रायः शिक्षित, उच्चवर्णीय पुरुष. उस्ताद उर्दूत किंवा दख्खनीत बोलला, छापले गेले ते मराठीत. बोलण्यातले अडखळणे, राग, थट्टा यांपैकी किती मराठीत उतरले हे ठरवायला मूळ बोलणे आता उपलब्ध नाही. अपवाद म्हणून अल्लादिया खाँ यांच्याकडे पाहता येते. त्यांनी आपले आयुष्य नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितले आणि ते उर्दूत लिहून घेतले गेले. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले. ही स्मरणे इंग्रजी पुस्तकरूपाने २००० मध्ये आली. टेंब्यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र त्याआधीच उपलब्ध होते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, की शिष्यवर्गातील रसिकाने पाहिलेला गायनमहर्षी आणि पोट भरण्यासाठी संस्थानोसंस्थानी फिरलेला, नातवाशी बोलणारा वृद्ध गवई, यांतले अंतर कळू लागते. मराठी विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हे तुलनात्मक काम हाती घ्यावे इतके ते मोलाचे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मौन आणखी दाट आहे. अंजनीबाई मालपेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले, त्यांनी स्वतः फारसे लिहिले नाही. गायिकेनेच आपल्या गाण्याचा विचार मराठी गद्यात सविस्तर मांडावा, ही गोष्ट ठळकपणे दिसते ती प्रभा अत्रे यांच्या ‘स्वरमयी’त, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस.

मासिकाचा वाचक कोण, हा प्रश्नही लेखकवर्गाच्या प्रश्नाला जोडूनच येतो. कारण अशा मासिकांत आजचा वाचक उद्याचा लेखक होतो. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे आकुर्डी, भोसरी, चिंचवड हा पट्टा कारखान्यांनी भरला, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि नंतर चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने पोचले. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा येथून आलेल्या कामगारांच्या वसाहतींत संध्याकाळचे हार्मोनिअम-तबल्याचे वर्ग निघाले आणि तेथली मुले प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांना बसू लागली. ‘संगीत कला विहार’सारख्या मासिकाचा स्वाभाविक वाचक तो हाच. पण या वसाहतींत आणखी एक संगीत होते. पाळी संपवून आलेला जोडारी आणि कातारी शनिवारी रात्री टाळ घेऊन भजनाला उभा राहत होता. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, मध्ये हे कारखाने. पखवाजाची साथ, गावोगावच्या निरनिराळ्या चाली, एकाच अभंगाला खानदेशी आणि कोल्हापुरी भजनकऱ्यांनी लावलेल्या दोन चाली एकाच चाळीत समोरासमोर येणे, हा सगळा व्यवहार शास्त्रीय संगीताच्या मासिकांच्या कक्षेत फारसा आला नाही. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ १९७५ मध्ये लिहून अशा संगीताच्या विचाराला शास्त्राची चौकट दिली. तिच्यात औद्योगिक वसाहतीतील भजनी मंडळ बसवून पाहण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. त्यासाठी ग्रंथालयात बसून भागणार नाही. भजनकऱ्यांच्या घरी हाताने लिहिलेल्या अभंगांच्या वह्या असतात, त्यांच्या समासात कोणत्या चालीवर म्हणायचे याची खूण केलेली असते, आणि कधी त्या चालीचे नाव एखाद्या नाट्यपदाचे असते, तर कधी चित्रपटगीताचे. देवधरांनी उस्तादांच्या बोलण्याकडे जसे कान दिले, तसे या वह्यांकडे लक्ष द्यावयाचे झाल्यास, ज्यांनी त्या लिहिल्या ते लोक निवृत्त होऊन गावी परतण्याआधीच हे काम सुरू करावे लागेल.