पूल ओलांडताना

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस कोसळत असता, त्या काळी एल्फिन्स्टन रोड या नावाने दप्तरी असलेल्या प्रभादेवी स्थानकाला परळशी जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले; आणि २०१८ च्या फेब्रुवारीत लष्कराने उभारलेला नवा पूल खुला झाला तरी, गर्दीचा लोंढा दिसताच ज्याचे पाय जिन्याशीच अडखळतात अशा मनुष्यास भित्रा ठरविणे हे निव्वळ अज्ञान होय. भीती हा देहाचा इमानी पहारेकरी. संकट टळल्यावरही तो पहारा सोडीत नाही, एवढीच पंचाईत. पूल टाळून लांबचा रस्ता धरला की तत्क्षणी हायसे वाटते, आणि नेमके ते हायसे वाटणेच पुढल्या खेपेस भीतीला बळ पुरविते. म्हणून मानसोपचारात क्रमाक्रमाने सामोरे जाण्याची रीत आहे: प्रथम दुपारच्या निवांत वेळी सोबत्यासह, मग एकट्याने, पुढे थोड्या वर्दळीत, दर वेळी छातीतील धडधड ओसरेपर्यंत तेथेच थांबावे (जिन्यात वाट अडवून नव्हे, कडेला). जीवघेणी रेटारेटी असेल तेव्हा मात्र खुशाल माघारी फिरावे. महिना लोटूनही झोप लागत नसेल, तो प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे उभा राहत असेल, तर तज्ज्ञ गाठावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते.