प्रिपरेटरी स्कूल

प्रिपरेटरी स्कूल (बोलीभाषेत ‘प्रेप स्कूल’) हा ब्रिटनमधील स्वतंत्र, म्हणजे शासकीय अनुदानाशिवाय विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या शाळांचा एक प्रकार आहे. तेथे साधारणपणे ७ किंवा ८ ते १३ वर्षे वयाची मुले शिकतात. मराठीतील ‘पूर्वप्राथमिक शाळा’ किंवा बालवाडी यांच्याशी या संज्ञेचा संबंध नाही. त्या वयाच्या वर्गांना ब्रिटनमध्ये ‘प्री-प्रेप’ म्हणतात. येथील ‘पूर्वतयारी’ ही ‘पब्लिक स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरच्या शाळेतील प्रवेशाची असते. ‘पब्लिक’ असे नाव असले तरी या शाळाही खासगी आणि महागड्या असतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

अभ्यासक्रम

प्रेप शाळेचे वेळापत्रक समजून घ्यायचे असेल, तर तिच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. ही ‘कॉमन एन्ट्रन्स’ परीक्षा १९०४ मध्ये सुरू झाली. प्रश्नपत्रिका सर्वांना समान असते. मात्र उत्तरपत्रिका विद्यार्थ्याने निवडलेली वरची शाळा तपासते. त्यामुळे कोणत्या शाळेला किती गुण पुरेसे वाटतात, हे तिचे तिने ठरवायचे असते. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, धर्मशिक्षण आणि फ्रेंच हे नेहमीचे विषय होत. वरच्या शाळा लॅटिनचा आग्रह धरीत, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही लॅटिनची रूपे घोकावी लागत. आपल्याकडे संस्कृतची शब्दरूपे पाठ करणाऱ्यांना ती स्थिती सहज उमजेल. प्रत्येक विषयाला स्वतंत्र शिक्षक लवकरच्या इयत्तांपासून मिळणे, हेही या शाळांचे वैशिष्ट्य आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे बंधन स्वतंत्र शाळांवर नाही.

दिनक्रम व उपक्रम

निवासी शाळेत वर्गाबाहेरच्या वेळेलाही वर्गाइतकीच शिस्त असते. सायंकाळी ठरावीक वेळी शांतपणे बसून करावयाच्या अभ्यासाला ‘प्रेप’ म्हणतात. मुलांची विभागणी ‘हाऊस’मध्ये केली जाते आणि हाऊसची स्पर्धा खेळ, वक्तृत्व, नाट्य अशा सर्वच क्षेत्रांत चालते. मोठ्या मुलांपैकी काहींना ‘प्रिफेक्ट’ नेमून लहानांवर देखरेख करण्याचा अधिकार दिला जातो. खेळ ऐच्छिक नसतात. हिवाळ्यात फुटबॉल किंवा रग्बी आणि उन्हाळ्यात क्रिकेट हा क्रम जुना आहे. वाद्यवादन, प्रार्थनागृहातील समूहगायन आणि रविवारी घरी लिहावयाचे पत्र यांनाही आठवड्यात जागा असते. कोणत्याही एका गोष्टीत अव्वल असण्यापेक्षा सर्व गोष्टींत भाग घेणाऱ्या मुलाचे येथे अधिक कौतुक होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला घरापासून दूर ठेवावे काय, हा प्रश्न मात्र या पद्धतीला सतत विचारला गेला आहे आणि तो रास्तच आहे.

महाराष्ट्रातील रूप

मुंबई इलाख्यात ही पद्धत युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळांमधून आली. रेव्हरंड रिचर्ड कॉब यांनी १७१८ मध्ये मुंबईत काढलेल्या धर्मादाय शाळेची परंपरा सांगणारे बार्न्स स्कूल १९२५ मध्ये देवळाली येथे सुरू झाले. थंड हवेमुळे पाचगणीतही अशा निवासी शाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकात झांझिबारहून आलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा शिकला. पियानो, मुष्टियुद्ध, टेबल टेनिस अशा विविध गोष्टींत त्याने भाग घेतला आणि शाळेतच मित्रांसह वाद्यवृंद काढला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला.

येथे आल्यावर मूळ पद्धतीत एक मोठा बदल झाला. तेराव्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाण्याची गरज उरली नाही. बहुतेक ठिकाणी लहान व मोठ्या मुलांचे विभाग एकाच आवारात राहिले. हाऊस, प्रिफेक्ट, प्रेप हा सांगाडा टिकला, पण ज्या परीक्षेसाठी तो उभारला होता ती बदलली. तिची जागा प्रथम केंब्रिजच्या शालान्त परीक्षेने आणि १९५८ मध्ये भारतीय परिषद स्थापन झाल्यानंतर क्रमशः आयसीएसईने घेतली.

‘प्रिपरेटरी’ हा शब्द नावात धारण करणारी पुण्यातील शाळा म्हणजे श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल (१९३२). येथे पूर्वतयारी अभिप्रेत होती ती लष्करी जीवनाची. १९६१ मध्ये सुरू झालेल्या सातारा सैनिक शाळेतही सहावीपासून प्रवेश मिळतो आणि निवासी दिनक्रम, हाऊस व सक्तीचे खेळ आढळतात. फरक हा की तेथील प्रवेश स्पर्धापरीक्षेने होतो. ग्रामीण भागातील पालकांना ही वाट अधिक परिचयाची आहे.

या शाळांतील मराठीचे स्थान मात्र दीर्घकाळ दुय्यमच होते. इंग्रजी ही शिकण्याची, खेळण्याची आणि भोजनगृहात बोलण्याची भाषा असल्याने मराठी घरातील मूलही सुटीपुरतेच मराठी बोले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये केलेल्या अधिनियमान्वये राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. शैक्षणिक वर्ष २०२०-२१ पासून पहिली व सहावी या इयत्तांपासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली.