पन्नास कोटींची अट

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी, २० सप्टेंबर २०१३ च्या रात्री भरलेल्या एका मेजवानीच्या समारंभात, नाइकी या पादत्राणांच्या जगद्विख्यात कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांनी जी घोषणा केली, ती ऐकण्याच्या अपेक्षेने आलेला मनुष्य त्या दालनात क्वचितच कोणी असेल. ऑरेगन आरोग्य व विज्ञान विद्यापीठाच्या ज्या कर्करोगसंस्थेला, पाच वर्षांपूर्वी दिलेल्या दहा कोटी डॉलरांमुळे, त्यांचे नाव लाभले होते, तिलाच आपण व आपल्या पत्नी पेनी मिळून आणखी पन्नास कोटी डॉलर देऊ. मात्र विद्यापीठाने दोन वर्षांच्या मुदतीत तितकीच रक्कम इतरांकडून उभी केली पाहिजे, आणि ती न झाल्यास आमचे देणेही रद्द समजावे, असा त्या घोषणेचा मतलब होता.

देणगीची रक्कम पाहून डोळे विस्फारणे साहजिक आहे, आणि वृत्तपत्रांनी तेच केले. परंतु निधिसंकलनाच्या शास्त्रात थोडेबहुत लक्ष घालणाऱ्याला त्या रकमेपेक्षा तिला जोडलेली अट अधिक मोलाची वाटल्यावाचून राहत नाही. एखाद्या धनिकाने संस्थेला अफाट द्रव्य दिले म्हणजे गावातल्या इतर दात्यांचे हात आखडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ज्याने एवढे दिले त्याने उरलेलेही द्यावे, आमच्या पाचपन्नासांची तेथे काय मातब्बरी, असे प्रत्येकाला वाटू लागते, आणि संस्थेची जी सार्वजनिक मालकी शेकडो लहान देणग्यांतून निर्माण झालेली असते ती हळूहळू एका घराण्याच्या मेहेरबानीत विरून जाते. नाइट यांच्या अटीने ही सारी मानसिक व्यवस्था उलटी केली. वीस डॉलर पाठवणाऱ्या शिक्षकालाही आपल्या वीसांचे चाळीस होणार हे कळले. शिवाय आपण न पाठवल्यास पन्नास कोटींचा घडा रिकामा राहण्यास अंशतः आपणच कारण होऊ, अशी एक सौम्य टोचणीही त्यात होती. विद्यार्थिदशेत बिल बॉवरमन या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली धावण्याच्या शर्यती खेळलेल्या, आणि १९६४ साली त्याच गुरूला भागीदार करून व्यापाराचा पाया घातलेल्या गृहस्थाला, समोर अंतिम रेषा आखून दिल्याशिवाय कोणी जिवाच्या कराराने धावत नाही हे कोणी शिकवावे लागले नसावे.

पण अट कितीही चतुर असली तरी लोक पैसे देतात ते अटीकडे पाहून नव्हे. मागणाऱ्याची पत काय, हा प्रश्न आधी येतो. आणि पोर्टलंडच्या बाबतीत ती पत ब्रायन ड्रुकर नावाच्या एका वैद्यकसंशोधकाने आपल्या कामाने मिळवून ठेवलेली होती.

ड्रुकर हे १९९३ साली बॉस्टन सोडून पोर्टलंडला आले, तेव्हा कर्करोगसंशोधनाच्या नकाशावर या शहराला फारसे स्थान नव्हते. त्यांचा ध्यास एका विशिष्ट रक्तकर्करोगाचा होता. या रोगात मनुष्याच्या नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल पावतात, त्यातून एक विकृत प्रथिन तयार होते, आणि ते प्रथिन श्वेतपेशींना अखंड वाढण्याचा हुकूम देत राहते. हे विकृत गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात प्रथम दृष्टीस पडले आणि त्यातील अदलाबदलीचा उलगडा १९७३ साली जॅनेट राउली या विदुषीने केला. ते प्रथिन तेवढे निकामी केले आणि निरोगी पेशींना हात लावला नाही, तर रोग आटोक्यात येईल, हा ड्रुकर यांचा तर्क होता. सीबा-गायगी या स्विस कंपनीतील निकोलस लायडन यांच्या चमूने तयार केलेल्या संयुगांपैकी एक त्यांनी निवडले. परंतु या रोगाचे रुग्ण इतके थोडे की औषधाचा खर्च वसूल होईल की नाही याची कंपनीला शंका, म्हणून पुढची कित्येक वर्षे मनधरणीत गेली. अखेर जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी दिली गेली. पुरेशी मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले, आणि १० मे २००१ रोजी अमेरिकन सरकारच्या औषधखात्याने ग्लिव्हेक या नावाने त्या औषधाला मंजुरी दिली. ज्या निदानानंतर पूर्वी रुग्णाच्या हाती तीनपाच वर्षे असत, त्या निदानाचा मनुष्य आज रोज गोळी घेऊन बहुधा आपले सर्वसाधारण आयुष्य पुरे करतो.

याच औषधाचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. नोव्हार्टिस या उत्तराधिकारी कंपनीने हिंदुस्थानात त्याचे पेटंट मागितले, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळून लावले. त्यामुळे देशी कारखान्यांत तयार होणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. त्याच वर्षी शंभरावर तज्ज्ञांनी या रोगावरील औषधांच्या अवाच्या सवा किमतींविरुद्ध एक लेख प्रसिद्ध केला, त्या स्वाक्षऱ्यांत खुद्द ड्रुकर यांचेही नाव होते. त्याहूनही जुना धागा असा की लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्तकर्करोगाने निवर्तल्यावर सर दोराबजींनी दुसऱ्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापन केला, व त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना खुला ठेवला. दुःख मुंबईचे आणि द्रव्य जगाचे, अशी ती उदार तजवीज होती. तिला मुदत नव्हती, स्पर्धाही नव्हती.

आता प्रत्यक्ष मागणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेतील विद्यापीठे निधिसंकलनासाठी बहुधा स्वतंत्र प्रतिष्ठान नोंदवतात, त्याचे दप्तर निराळे, जमाखर्च निराळा, आणि त्याला दिलेल्या देणगीवर दात्याला आयकरात सूट मिळते. ही सूट तेथे १९१७ पासून चालत आलेली आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की या कचेरीचा प्रमुख रोज कोणा कोट्यधीशाबरोबर भोजन घेत असेल. भोजने होतात, नाही असे नाही. पण त्यामागे कंटाळवाण्या कामाचा मोठा डोंगर असतो. कोणाजवळ देण्याची ऐपत आहे, त्याने आजवर कोणकोणत्या कामांना हातभार लावला, त्याच्या घरात हा रोग येऊन गेला आहे काय, याची टिपणे काढायची. मग अमुक दात्याची भेट कोणी घ्यायची हे ठरवायचे, कारण जे काम डॉक्टरच्या अर्ध्या तासाच्या प्रयोगशाळादर्शनाने होते ते अध्यक्षांच्या पाच पत्रांनी होत नाही. देणगीचा होकार मिळाला तरी तो पुष्कळदा पाच वर्षांच्या हप्त्यांचा असतो, म्हणून कबुलीपत्र लिहून घ्यायचे. कोणी मृत्युपत्रात नाव घालतो, कोणी समभाग देतो, कोणी जमीन देऊ करतो, आणि प्रत्येक वेळी वकिलाची मसलत लागते.

यातील सर्वांत नाजूक वर्ग बऱ्या झालेल्या रुग्णांचा. ज्याचा जीव वाचला त्याच्या कृतज्ञतेसारखा निधीचा झरा दुसरा नाही, हे प्रत्येक रुग्णालय जाणते. पण त्या कृतज्ञतेला किती लवकर व कितीदा हाक मारायची, हा सभ्यतेचा प्रश्न आहे. तेथील आरोग्यगोपनीयतेच्या नियमांत २०१३ सालीच सुधारणा होऊन, रुग्णाने कोणत्या विभागात व कोणत्या वैद्याकडे उपचार घेतले एवढी माहिती निधिसंकलनासाठी वापरण्याची परवानगी रुग्णालयांना मिळाली. मला पुन्हा विचारू नका असे सांगण्याचा रुग्णाचा हक्क मात्र अबाधित आहे. कायद्याने परवानगी दिली म्हणून रसायनोपचाराच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे कबुलीपत्र सरकवावे असा तिचा अर्थ होत नाही, आणि या व्यवसायातील जाणते लोक ती मर्यादा सांभाळतात. न सांभाळणारेही असतातच.

पोर्टलंडची मोहीम कशी पार पडली हे पाहिले म्हणजे या विद्येतील एक जुने सूत्र पटते: निम्म्याहून अधिक रक्कम बोटांवर मोजण्याइतक्या दात्यांकडून येते, आणि बाकीची असंख्य हातांतून. १९१४ ते १९४५ या काळात युरोपातून परागंदा झालेल्या असंख्य कुटुंबांपैकी एक जर्मन ज्यू कुटुंब १९३७ साली पोर्टलंडला आले होते. त्यातील गर्ट बॉइल ही मुलगी पुढे, पतीच्या अकाली निधनानंतर, डबघाईला आलेला वडिलोपार्जित धंदा हाती घेऊन कोलंबिया स्पोर्ट्सवेअर या कंपनीची कर्तबगार प्रमुख झाली. २०१४ मध्ये या मोहिमेला दहा कोटी डॉलरांची देणगी निनावी मिळाली, आणि ती नव्वदी गाठलेल्या बॉइलबाईंची असल्याचे पुढे उघड झाले. त्यांची थोरली बहीण हिल्डेगार्ड लॅमफ्रॉम ही नाणावलेली रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. तिचा अंत कर्करोगाने झाला होता. ज्या काळी दाता आपले नाव दगडात कोरून घेण्यासाठी करारनाम्यातली कलमे तासतो, त्या काळी दहा कोटी देऊन नाव झाकण्याची ही वृत्ती विशेष वाटते.

दुसरा मोठा वाटा सरकारी होता, आणि येथेच वादाला जागा आहे. ऑरेगनच्या विधिमंडळाने २०१४ साली इमारतींसाठी वीस कोटी डॉलरांचे रोखे काढण्यास संमती दिली, आणि ती रक्कम पन्नास कोटींच्या हिशेबात धरली गेली. म्हणजे एका खासगी गृहस्थाने मुदत घातली आणि तिच्या धाकाने लोकप्रतिनिधींनी करदात्यांच्या नावावर कर्ज काढले. राज्यात इतर निकडी नव्हत्या असे थोडेच आहे? या व्यवहाराचे समर्थन करता येते, कारण प्रयोगशाळा व तेथील रोजगार राज्यातच राहणार होता. परंतु सार्वजनिक तिजोरीचा अग्रक्रम मेजवानीच्या व्यासपीठावरून सूचित व्हावा ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला निर्धोक वाटत नाही. बॉइलबाईंचे दहा आणि राज्याचे वीस वजा जाता उरलेले वीस कोटी सुमारे दहा हजार दात्यांच्या समूहाने भरून काढले, आणि मुदत संपण्यापूर्वीच, जून २०१५ मध्ये, विद्यापीठाने संकल्पपूर्ती जाहीर केली.

या शंभर कोटींचे करायचे काय, याचे उत्तर संस्थेचे प्रमुख असलेल्या ड्रुकर यांनी आधीच दिले होते: रोग लवकर ओळखायचा. पसरलेल्या कर्करोगावर औषध शोधणाऱ्याला कंपन्यांचे भांडवल मिळते, कारण औषध विकता येते. पण अजून लक्षणेही न दिसलेल्या माणसाच्या शरीरातील प्राणघातक गाठ कोणती आणि आयुष्यभर निरुपद्रवी राहणारी कोणती, हे ओळखण्याच्या संशोधनाला दहापंधरा वर्षे लागतात आणि शेवटी काही हाती येईलच याची शाश्वती नाही. सरकारी अनुदान मागायचे तर प्राथमिक पुरावा आधी जोडावा लागतो, दर काही वर्षांनी नवा अर्ज करावा लागतो, आणि परीक्षकमंडळे स्वभावतः सावध असतात. फसण्याची मुभा असलेला पैसा तो हा देणगीचाच. त्यातून पूर्वनिदानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र निघाले, बाहेरून शास्त्रज्ञांच्या नेमणुका झाल्या, आणि विलामेट नदीकाठी २०१८ साली नवी संशोधन-इमारत उभी राहिली.

कथा येथे थांबत नाही. २०२४ च्या अखेरीस ड्रुकर यांनी संस्थेचे प्रमुखपद सोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये नाइट दांपत्याने याच संस्थेला दोनशे कोटी डॉलर देण्याचे वचन जाहीर केले, आणि त्याबरोबर ठरले ते असे की संस्था विद्यापीठातच राहील, पण तिचा कारभार स्वतंत्र मंडळ पाहील आणि सूत्रे ड्रुकर यांच्याकडे येतील. पहिल्या देणगीने नाव मिळवले होते, दुसरीने मुदत घातली होती. या तिसरीने कारभाराची घडीच बदलली. विद्यापीठाच्या इतर विभागांना, म्हणजे हृदयरोगाला, बालरोगाला, मनोविकारांना, या शेजाऱ्याच्या ऐश्वर्याचा लाभ होतो की त्याच्या सावलीत त्यांची वाढ खुंटते, हे आता नव्या मंडळाच्या आणि जुन्या विद्यापीठाच्या परस्पर वर्तनावर अवलंबून राहील. नव्या निधीतून निदानापासून उपचारानंतरच्या आयुष्यापर्यंत रुग्णाला सोबत देण्याचा इरादा जाहीर झाला आहे: आहाराचा सल्ला, मनाचे समुपदेशन, बिलांच्या जंजाळातून वाट काढून देणारा माणूस. प्रयोगशाळेवर नावाची पाटी लावता येते. या आहारतज्ज्ञाच्या आणि बिले सोडवणाऱ्या कारकुनाच्या पगाराला पाटी नसते, आणि प्रतिष्ठानाच्या कचेरीला यापुढे बाकीच्या दात्यांकडे मागणे घालायचे आहे ते बहुधा त्यासाठीच.