नीलनदीवरील ग्रहणयात्रा : एका संकल्पाचा आराखडा

आज दीप अमावास्या. घरोघरी समया, निरांजने, लामणदिवे चिंचेने घासून लख्ख झाले असतील. पाटाभोवती रांगोळी रेखून ते मांडले जातील आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य होईल. ज्या तिथीस आपण दिव्यांची पूजा करतो, त्याच तिथीस शके १९४९ मध्ये, म्हणजे सोमवार दि. २ ऑगस्ट २०२७ रोजी, आकाशातील महादीप भर मध्यान्ही सहा मिनिटांहून अधिक काळ झाकला जाणार आहे. सोमवती अमावास्या, त्यात दीपपूजन आणि त्यात खग्रास सूर्यग्रहण! हा योग चूडामणी होय असे काही भाविक आतापासूनच बोलू लागले आहेत; ते मात्र शास्त्रास धरून नाही. चूडामणी योग रविवारच्या सूर्यग्रहणाचा व सोमवारच्या चंद्रग्रहणाचा. पर्व मोठे आहे, म्हणून त्यास नसलेले विशेषण जोडण्याचे कारण नाही.

आमच्या पंढरपुरातील नित्य श्रोत्यांपैकी चाळीस मंडळींनी हे ग्रहण प्रत्यक्ष पाहण्याचा, आणि नुसते पाहण्याचा नव्हे, तर त्यानिमित्त नौकेवर कथा-कीर्तन व खगोलविद्या यांचा एकत्र सप्ताह करण्याचा संकल्प सोडला आहे. त्याचा आराखडा करण्याचे काम आमच्याकडे आणि एका निवृत्त विज्ञानशिक्षकांकडे आले. अनेक ठिकाणांहून आमच्याकडे पृच्छा होत असल्यामुळे त्यातील विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम स्थळ. चंद्राची छाया त्या दिवशी अटलांटिक महासागरावरून येऊन जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून स्पेनचे दक्षिण टोक व मोरोक्को यांस स्पर्श करील. तेथून अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा प्रवास करीत सोमालियाच्या पलीकडे हिंदी महासागरात उतरेल. मोठ्या जहाजातून भूमध्य समुद्रात जावे, ही तरुण मंडळींची प्रथम सूचना. परंतु जिब्राल्टरकडे खग्रास अवस्था साडेचार मिनिटांच्या आसपास, तर इजिप्तमध्ये नीलनदीकाठच्या लक्सर नगराजवळ ती ६ मिनिटे २३ सेकंदांपर्यंत. शिवाय लक्सरला ऑगस्टात पावसाचे नाव नाही. ढगांचा अनुभव आपल्याकडे पुरेसा आहे. २२ जुलै २००९ रोजी सुरतेपासून काशी-पाटण्यापर्यंत खग्रास ग्रहण झाले, तीही आषाढी अमावास्याच. काशीकरांस ते लाभले आणि सुरतेकडील पुष्कळांच्या वाट्यास केवळ काळवंडलेले आभाळ आले. २०२७ चे ग्रहण हे त्याच मालेतील पुढचे रत्न आहे. १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे आठ तासांनी सूर्य, चंद्र व पात यांची स्थिती जवळजवळ पूर्ववत होते. त्या जास्तीच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते, म्हणून छाया यावेळी काशीऐवजी पश्चिमेस नीलनदीवर पडणार. हे गणित आमच्या शिक्षकमित्रांनी परातीत लिंबू व चणा फिरवून सांगितले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या आजीबाईंनाही ते कळले.

तेव्हा लक्सर ते आस्वान अशी नीलनदीतील नौकायात्रा ठरली. मार्गात एडफू येथे होरसचे आणि कोम ओम्बो येथे नदीकाठचे अशी प्राचीन देवालये लागतात. कोम ओम्बोच्या देवालयाच्या आवारात नदीच्या पुराची उंची मोजण्याची विहीर आहे. आस्वान, म्हणजे ग्रीकांचे सायनी, हे तर ज्योतिषाचे तीर्थच म्हणावे. तेथे उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशी मध्यान्ही विहिरीच्या तळाशी सूर्यबिंब दिसते आणि अलेक्झांड्रियात त्याच वेळी काठीची सावली पडते, एवढ्या निरीक्षणावरून इरॅटोस्थेनीसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला.

दुसरा प्रश्न समुद्रोल्लंघनाचा. आमच्या मंडळींत आजही हा प्रश्न श्रद्धेने विचारणारे आहेत आणि त्यांचा उपहास करणे आम्हांस मान्य नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन हे पतनीय कर्मांत गणले आहे, हे खरे. पुढील निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांतही घातले. पण त्याच बौधायनाने समुद्रगमन हा उत्तरेकडील लोकांचा प्रचलित आचार म्हणूनही नोंदविला आहे. म्हणजे सूत्रकाळीही या भूमीतील लोक समुद्रावर जात होते आणि शास्त्रकारांस ते ठाऊक होते. निषेधाच्या मुळाशी नित्यकर्माचा लोप, अभक्ष्यभक्षण, दीर्घकाळ आप्तांपासून तुटणे ही भये दिसतात. आठ दिवसांच्या प्रवासात संध्या, पूजा व आहार यांची व्यवस्था नीट ठेवता आली, तर त्या भयांपैकी काय उरते याचा विचार प्रत्येकाने आपल्या कुलाचारास स्मरून करावा. ज्यांचे मन घेत नाही त्यांनी येऊ नये. त्यांस कोणी उणे लेखू नये. कोकणातील एका वृद्ध बाईंनी वेगळेच भय सांगितले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्याच सुमारास, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसे बुडाली, त्यांत त्यांच्या आळीतील माणसे होती. त्यांच्या शब्दावरून आम्ही नौकेच्या करारात प्रत्येकास जीवरक्षक जाकीट व प्रवासापूर्वी त्याचा सराव ही अट लिहवून घेतली आहे.

आता मुख्य विषय, ज्यावर आमच्यात खरा वाद झाला. एका प्रवासी कंपनीने माहितीपत्रकाचा मसुदा धाडला. त्यात ‘ग्रहणकाळच्या मंत्रोच्चाराने शरीरातील अणू शुद्ध होतात हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे वाक्य होते. आम्ही ते वाक्य काढावयास सांगितले. काही मंडळी रागावली. कीर्तनकारानेच मंत्राचे माहात्म्य कमी करावे काय, असे म्हणाली. आमचे म्हणणे एवढेच की, मंत्राचे माहात्म्य श्रुतिस्मृतींनी सांगितले आहे, त्यास प्रयोगशाळेचा खोटा दाखला जोडल्याने ते वाढत नाही. उलट उद्या कोणा चिकित्सक मुलाने तो दाखला मागितला, तर दाखल्याबरोबर मंत्रही त्याच्या मनातून उतरतो. पत्रकातील ते वाक्य शेवटी गेले. दोन नावेही गेली.

हा पेच आजचा नव्हे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानूने सूर्यास तमाने झाकल्याची व अत्रिऋषींनी तो पुन्हा शोधून दिल्याची कथा आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात मात्र स्वच्छ सांगितले आहे की चंद्र सूर्यास झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्रास झाकते. वराहमिहिरानेही बृहत्संहितेच्या राहुचारात राहूकडील कारण नाकारले. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने, राहू नाही म्हणणे हे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे, असा आर्यभटादिकांवर आक्षेप घेतला; आणि गंमत अशी की, त्याच ग्रंथातील त्याचे ग्रहणगणित मात्र छायेच्याच तत्त्वावर चालते! अकराव्या शतकात अल्बेरुनीने यावर बोट ठेवले. ब्रह्मगुप्ताने असे का केले असावे? लोकांची भीड, की दोन्ही सत्यांस धरून ठेवण्याची धडपड? नौकेवरील एक संपूर्ण सायंकाळ आम्ही या एकाच प्रश्नास राखून ठेवली आहे.

कार्यक्रमाची घडण नारदीय कीर्तनासारखीच ठेवली. पूर्वरंगात शिक्षकमित्र त्या दिवसाचे तत्त्व सांगतील: चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेली का असते, प्रत्येक अमावास्येस ग्रहण का होत नाही, राहू-केतू हे गणितातील छेदनबिंदू कसे. उत्तररंगात आम्ही आख्यान लावू. एक आख्यान गणेश दैवज्ञांचे. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी समुद्रकाठी बसून या विद्वानाने शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला, ज्या आणि चाप यांचे जड गणित टाळून ग्रहणे काढण्याची रीत दिली, आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्राची पंचांगे त्यावर चालली. असा ज्योतिषी आपल्या किनाऱ्यावर झाला, हे किती जणांस ठाऊक असेल?

वेधाचा प्रश्न सर्वांत नाजूक. सूर्यग्रहणाचा वेध चार प्रहर आधी लागतो. लक्सरला स्पर्श मध्यान्हापूर्वी व खग्रास अवस्था तेथील घड्याळाप्रमाणे दुपारी एकच्या सुमारास. म्हणजे आदल्या रात्रीपासून मोक्षापर्यंत अन्न वर्ज्य. त्यात लक्सरचा उन्हाळा, पारा चाळिसाच्या वर. आमच्या मंडळींतील एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी, मधुमेह असता, निर्जळ वेध पाळण्याचा निश्चय बोलून दाखविला. त्यांचे चिरंजीव आमच्याकडे आले, डोळ्यांत पाणी होते. आम्ही त्या गृहस्थांसमोर धर्मसिंधू उघडून ठेवला. हा ग्रंथ इ. स. १७९० मध्ये आपल्याच पंढरीत वास्तव्य केलेल्या काशीनाथ उपाध्यायांनी रचला. तेव्हा पंढरपूरच्या माणसाने त्याचा शब्द डावलण्याचे कारण नाही. बाल, वृद्ध व आतुर यांस वेध दीड प्रहराचाच, असे त्यात स्पष्ट आहे. गृहस्थ बराच वेळ पान न्याहाळीत बसले, मग म्हणाले, ‘‘बुवा, मी वृद्ध की आतुर?’’ आम्ही म्हटले, ‘‘काका, दोन्ही.’’ ते हसले. त्यांच्या डॉक्टरांनी औषध व खाण्याच्या वेळा लिहून दिल्या आहेत. त्यापुढे आमचाही शब्द चालणार नाही. पाणी तर सर्वांनीच प्यावयाचे, हा नौकेचा नियम आहे.

ग्रहण पाहावे की सोवळ्यात बसून जप करावा? १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण ज्यांस आठवते त्यांस ओस पडलेले रस्ते व बंद खिडक्याही आठवतील. आमचे मत असे की, ज्या ग्रहणाचे दर्शन होते त्याचाच पुण्यकाळ शास्त्राने मानला, तेव्हा दर्शनास विरोध नाही. विरोध आहे तो डोळ्यांच्या हानीस. खंडग्रास अवस्थेत प्रमाणित ग्रहणचष्म्यावाचून क्षणभरही वर पाहू नये. हळदीच्या पाण्यातील प्रतिबिंब पाहण्याची जुनी रीतही डोळ्यांस सुरक्षित नाही. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावरच चष्मा काढावयाचा आणि हिऱ्याच्या अंगठीसारखा प्रकाशबिंदू पुन्हा चमकताच लावावयाचा. या दोन्ही वेळा शिक्षकमित्र शंख फुंकून सांगतील.

त्या सहा मिनिटांत काय करावयाचे, यावर शेवटचा वाद. टाळमृदंगासह गजर व्हावा, असे अर्ध्या मंडळींस वाटे. पण जेथे चारी दिशांस एकदमच संध्याप्रकाश उमटतो, झाकलेल्या बिंबाभोवती शुभ्र प्रभामंडल उलगडते, दिवसा तारका दिसतात, तेथे आपला आवाज काढावयाचा कशास? सर्वानुमते मौन ठरले. ज्यास जप करावयाचा त्याने मनात करावा. मोक्षानंतर स्नान, मग दान. दानाची रक्कम परत आल्यावर येथील वेदपाठशाळेस आणि एका सरकारी शाळेच्या दुर्बिणीस निम्मी-निम्मी जाईल.

संकल्पातील देशकालाचा उच्चार हाही एक गोड प्रश्न होता. लक्सर नीलनदीच्या पूर्व तीरावर, आणि नीलनदी उत्तरवाहिनी, जशी काशीस गंगा. तेव्हा ‘उत्तरवाहिनी नीला’ असाच उच्चार आम्ही योजला आहे. सायंकाळी दीपपूजन नौकेच्या डेकवर. तेलवातीस परवानगी मिळाली नाही, म्हणून दिवे काठावर, वाळूत लावावे लागतील. प्रत्येकाने घरचा एकच लहान पितळी दिवा आणावा, असे कळविले आहे.

जे येणार नाहीत त्यांच्यासाठी एक सूचना. भारताच्या पश्चिम भागात हे ग्रहण त्या दुपारी खंडग्रास आहे. वेळा व वेध स्थानिक पंचांगावरून पाहावे. पंढरपूरकरांस आणखी एक कौतुक लाभेल. आपले अक्षांश सुमारे १७ अंश ४० कला, आणि २ ऑगस्टच्या सुमारास सूर्याची क्रांती तेवढीच असते. आभाळ मोकळे असेल तर साडेबाराच्या थोडे पुढे सूर्य नेमका माथ्यावर येईल आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाशी लपेल. चंद्रभागेच्या वाळवंटात, पाणी असल्यास घाटाच्या पायरीवर, एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने खुणावत जावे. मुलांस बरोबर न्यावे.