भुऱ्याचा डबा

पहाटे 5.30
भुऱ्या, आमचा जाड बोका, उशाशी येऊन ओरडतो. त्याच्या हाकेसरशी वाटी भरली, तर उद्या तो पाचलाच उठवेल आणि परवा साडेचारला. म्हणून आधी अंगण झाडायचं, सडा टाकायचा आणि मग दोरीला बांधलेली चिंधी काढायची. तो दबा धरतो, शेपटीचं टोक हलवतो, झेप घेतो. दहा मिनिटं पुरे. धाप लागली की थांबायचं, कारण जड शरीराचा भार सांध्यांवर आधीच असतो. आधी शिकार, मग खाणं हा मांजराच्या रक्तातला क्रम आहे. आमच्या परतवाड्याच्या वर मेळघाटात रानमांजर तोच पाळतं.

सकाळी 6.30
दूधवाला येतो. सासूबाई वाटी पुढे करतात, “एवढ्याशा दुधानं काय होते व?” त्यांची माया खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यावं लागतं. म्हशीच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 100 किलोकॅलरी असतात आणि भुऱ्याला दिवसभरात लागतात 170 च्या आसपास. म्हणजे एका वाटीत अर्ध्याहून जास्त दिवस संपला. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, पोट बिघडतं. तहानेला पाणीच हवं.

सकाळी 7
आता दिवसाचा डबा. स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर 30 ग्रॅम कोरडं खाद्य आणि 35 ग्रॅम उकडलेलं कोंबडीच्या छातीचं मांस मोजते. मांसाला हाड नाही, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हा हिशेब पशुवैद्यक डॉक्टरांनी घालून दिलेला आहे. साडेचार किलो हे त्याचं योग्य वजन धरून त्याला लागणारी ऊर्जा काढली आणि त्यातली वीस टक्के कमी केली. खाद्याच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे किती किलोकॅलरी ते छापलेलं असतं; पाकीट बदललं की ग्रॅमही बदलतात. दिवसभर जे काही मिळेल ते याच डब्यातून. पहिला घास आत्ता, बाकीचे तीन पुढे.

सकाळी 8.30
सोमवार आहे, वजनाचा दिवस. शेजारच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक नसताना दुरडीत बसवून त्याला काट्यावर ठेवते, दुरडीचं वजन वजा करते. सुरुवातीला 6 किलो 200 भरला होता, आज 5 किलो 640. आठवड्याला अर्धा ते एक टक्का घट ठीक, म्हणजे 30 ते 60 ग्रॅम. यापेक्षा घाई करायची नाही. आमच्या घरी एकादशी-चतुर्थीचे उपास होतात, पण जाड मांजराला उपास घडवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि जीवावर बेतू शकतं. जाड मांजरानं खाणं सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सकाळी 11
शिलाई मशीन सुरू होते. आज ब्लाउज आणि फॉल-पिकोची गर्दी आहे. भुऱ्या कापडाच्या ढिगावर बसतो. मापाची टेप हाताशीच असते, म्हणून पुढच्या पायांमागून त्याच्या छातीचाही घेर घेऊन वहीत लिहिते. बोटांनी बरगड्या चाचपते. निरोगी मांजराच्या बरगड्या आपल्या पालथ्या हाताच्या हाडांसारख्या सहज लागतात. भुऱ्याच्या आता कुठे लागू लागल्या आहेत. वरून पाहिलं, तर कंबरेचं आतलं वळणही दिसायला लागलं आहे.

दुपारी 1
आमची भाकरी-भाजी, त्याचा दुसरा घास. पूर्वी वऱ्हाडातल्या घराघरांत मांजर उंदरांसाठी असायचं. दूध-भाकर वरवर मिळायची, पोट शिकारीवर भरायचं आणि अंग सडपातळ राहायचं. आजचं मांजर घरात राहतं, नसबंदी झालेली असते. नसबंदी हवीच, पण त्यानंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते, म्हणून त्याच दिवसापासून माप बदलायला हवं. नुसती दूध-भाकर मात्र कधीच पुरी पडत नाही. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. त्याच्या कमतरतेनं मांजराचं हृदय निकामी होतं, हे 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधनानं दाखवून दिलं.

दुपारी 3.30
वऱ्हाडचं ऊन. कूलरपाशी पाण्याची रुंद वाटी, दुसरी ओसरीत, तिसरी न्हाणीजवळ. खाद्य कोरडं असलं की पाणी पोटात जाणं जास्तच महत्त्वाचं.

सायंकाळी 5.30
गल्लीतली पोरं येतात. “काकू, भुऱ्याले बिस्कीट देऊ काय?” नाही म्हटलं तर ती लपून देतील. म्हणून डब्यातल्या तिसऱ्या घासातले दहा दाणे त्यांच्या हातावर ठेवते आणि सांगते, ओसरीच्या कोपऱ्याकोपऱ्यात लपवा. पोरं लपवतात, भुऱ्या हुंगत शोधतो. त्याचं चालणं होतं, पोरांची हौस भागते आणि मापही मोडत नाही.

रात्री 8
मालक आरामशिनीवरून येतात, अंगावर सागाचा भुसा. त्यांच्या ताटाशी भुऱ्या बसतो. पूर्वी इथे भाकरीचा तुकडा पडायचा, आता त्याला खाजवणारा हात मिळतो. आमच्या सवयी बदलल्या, तेव्हाच त्याचं वजन हललं.

रात्री 10
शेवटचा घास आणि वहीत नोंद. साडेचार किलोपर्यंत पोचायला अजून काही महिने लागतील. तिथं पोचल्यावरही काटा कपाटात जाणार नाही, डॉक्टरांना विचारून फक्त ग्रॅम बदलतील.

तुमच्या घरी जाड मांजर असेल, तर आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, कारण जाडीबरोबर मधुमेहाचा धोका वाढतो. अकोल्यात पशुवैद्यकशास्त्राची स्नातकोत्तर संस्था आहे. वऱ्हाडातल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. तपासणीनंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच डबा ठरवा. एकानं मोजायचं आणि चौघांनी गुपचूप भरवायचं, अशानं कुठल्याच मांजराचं वजन उतरत नाही.