‘फॉलिंग’ : पटत नाही, म्हणजे नेमकं काय पटत नाही?

आजच्या व्याख्यानाचा विषय एक थरारकथा आहे. खरं तर त्या थरारकथेपेक्षा तिच्याबद्दल वाचकांची जी मतं पडतात, त्या मतांबद्दल आपण बोलणार आहोत. टी. जे. न्यूमन या अमेरिकन लेखिकेची ‘फॉलिंग’ ही २०२१ साली आलेली इंग्रजी कादंबरी. आमच्या वाचकगटात आम्ही चौदा जणांनी ती वाचली आणि एका रविवारी सकाळी चर्चेला बसलो. दोनदा चहा झाला, पण एकमत काही झालं नाही. कुणी म्हणालं, रात्री अडीचपर्यंत जागून संपवली. कुणी म्हणालं, शंभर पानांत मिटून ठेवली, कारण काहीच पटेना. गंमत अशी, की दोन्ही बाजूंचे लोक पुस्तकातल्या त्याच त्या जागांकडे बोट दाखवत होते.

घरी परतताना आमच्या लक्षात आलं, की ‘पटलं नाही’ हा एकच शब्द आम्ही सगळे वापरत होतो, पण प्रत्येकाची तक्रार वेगळी होती. ती आज जरा सुटी करून पाहू. पुस्तकाचा शेवट सांगणार नाही, तेव्हा ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी निर्धास्त बसावं.

गोष्ट काय आहे

लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेलं एक विमान आहे. वैमानिक बिल हॉफमन. विमान आकाशात असताना त्याला कळतं, की घरी त्याची बायको कॅरी आणि दोन मुलं ओलीस आहेत. इंटरनेट दुरुस्त करायला म्हणून जो माणूस घरात आला, त्यानंच त्यांना धरलंय. त्याचं नाव सॅम. त्याची मागणी सोपी आणि भयंकर आहे : विमान पाड, नाहीतर घरची माणसं मरतील. कुणाला सांगायचं नाही. वर हेही बजावलेलं, की विमानात आमचा माणूस आहे. बिल तरीही एका व्यक्तीला सांगतो, जो या अनुभवी हवाई सेविकेला. तिथून पुढे केबिनमधले कर्मचारी काय काय करतात, याची ही कादंबरी आहे.

लेखिकेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण मतांचा त्याच्याशी संबंध आहे. न्यूमन स्वतः साधारण दहा वर्षं हवाई सेविका होत्या. रात्रीच्या लांबच्या फेऱ्यांत प्रवासी झोपले की त्या लिहीत बसत, कधी पेपर नॅपकिनवरसुद्धा. ४१ साहित्यिक एजंटांनी हस्तलिखित नाकारलं, त्यानंतरच्यानं घेतलं. या कथेचं बीज कुठलं, तेही त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. एकदा त्यांनी सोबतच्या वैमानिकाला सहज विचारलं, की तुझ्या घरच्यांना कुणी पळवलं आणि विमान पाडायला सांगितलं, तर तू काय करशील? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा चेहरा पाहूनच त्या घाबरल्या. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी आपण तिथेच येणार आहोत.

रहस्य वेगळं, उत्कंठा वेगळी

आमच्यातल्या दोघांची तक्रार होती की ‘यात रहस्यच नाही, खलनायक सुरुवातीलाच कळतो.’ ही तक्रार आधी बाजूला काढू. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांपासून वाचकाला रहस्यकथेची सवय आहे. खून झाला, आता खुनी कोण? तिथे लेखक माहिती लपवतो. उत्कंठाकथेत तो माहिती आधीच देऊन टाकतो आणि मग वाट पाहायला लावतो.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोशी बोलताना हा फरक समजावून सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक नाही आणि तो एकदम फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच दाखवलं आणि टेबलावरची माणसं मात्र निवांत गप्पा मारतायत, तर त्याच गप्पा प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. ‘फॉलिंग’ प्रामुख्यानं या दुसऱ्या जातीची आहे. विमानात आपला माणूस असल्याचं सॅम सांगतो, तेवढाच रहस्याचा धागा तिच्यात आहे. आंब्याच्या पेटीत संत्री शोधली तर निराशा होणारच. आता उरलेल्या तीन तक्रारींकडे येऊ, त्या मात्र गंभीर आहेत.

पहिली तक्रार : घटना पटत नाही

‘असं कधी होतं का हो? कुटुंब ओलीस धरून वैमानिकाला विमान पाडायला लावणं?’ हा पहिला आक्षेप. विमानाच्या बाबतीत सोडा, पण घरच्यांना ओलीस धरून माणसाला त्याच्याच कामाच्या जागी गुन्हा करायला लावणं, हा प्रकार खराखुरा आहे. २००४ च्या डिसेंबरात बेलफास्टमध्ये एका मोठ्या बँकेवर असाच दरोडा पडला. दोन बँक अधिकाऱ्यांच्या घरच्यांना ओलीस धरलं, त्या दोघांना नेहमीप्रमाणे कामावर पाठवलं आणि त्यांच्याच हातून सुमारे २ कोटी ६५ लाख पौंड बाहेर काढले. तिजोरी फोडावी लागली नाही, कारण किल्ली ज्याच्याकडे होती तोच कोंडीत सापडला होता.

विमानाच्या बाबतीत हा धागा आणखी जुळतो. ११ सप्टेंबर २००१ ला अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये शिरले आणि त्यानंतर कॉकपिटची दारं भक्कम झाली, आतून बंद राहू लागली. बाहेरचा माणूस आता सहज आत जाऊ शकत नाही. पण मग आतलाच माणूस धोका ठरला तर? २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या विमानात सहवैमानिकानं कॅप्टनला बाहेर ठेवून दार लावून घेतलं आणि विमान फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं. सगळेच्या सगळे १५० जण गेले. जे दार वाचवण्यासाठी होतं, तेच त्या दिवशी आड आलं. ‘फॉलिंग’ची कल्पना याच फटीतून आत शिरते. सॅमला कॉकपिटचं दार उघडावं लागत नाही, बिलच्या घराचं उघडलं की पुरे.

म्हणजे मूळ कल्पना पटण्यासारखी आहे. न पटणारी गोष्ट आहे ती योगायोगाची. जोचा भाचा नेमका एफबीआयमध्ये, नेमका लॉस एंजेलिसमध्ये. चौदापैकी नऊ जणांना हे खटकलं, आणि आमच्या मते बरोबर खटकलं. वाचक योगायोगाला सरसकट नाही म्हणत नाही. नायकाला संकटात ढकलणारा योगायोग तो मुकाट गिळतो, कारण दुर्दैव असंच येतं हे त्यानं आयुष्यात पाहिलेलं असतं. संकटातून सोडवणारा योगायोग मात्र त्याला लेखकाची सोय वाटते.

दुसरी तक्रार : माणसं पटत नाहीत

ही तक्रार मुख्यतः बिलबद्दल होती. ‘इतका सरळ माणूस असतो का?’ एका बाजूला बायको आणि मुलं, दुसऱ्या बाजूला विमानभर अनोळखी माणसं. अशा वेळी माणूस आतून चिरला जाईल. बिल विमानही पाडायचं नाही आणि घरचेही गमवायचे नाहीत अशा निश्चयावर फार लवकर येतो. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी अचूक सांगितलं, ‘मला त्याच्या जागी बसून दहा मिनिटं तरी घाम फुटायला हवा होता. त्यानं मला तेवढा वेळच दिला नाही.’

जोबद्दल मात्र अशी तक्रार जवळजवळ कुणीच केली नाही. आमच्या गटात एक बाई आहेत, अनेक वर्षं हवाई सेविका होत्या. त्या म्हणाल्या, ‘प्रवासी आत येताना आम्ही हसून नमस्कार करतो ना, तेव्हा आम्ही त्यांना बघतही असतो. संकट आलं तर यातला कोण हाताशी येईल, कुणाला मदत लागेल, हे तेव्हाच मनात टिपून ठेवायचं असतं.’ लोकांना वाटतं यांचं काम चहा-नाश्ता देण्याचं. प्रत्यक्षात त्यांची पहिली जबाबदारी सुरक्षिततेची असते. न्यूमननी हे आतून लिहिलंय. सामान ठेवायचे कप्पे, गॅलीतली कुजबूज, सहकाऱ्याला नुसत्या नजरेनं केलेली खूण, हे सगळं वाचताना खरं वाटतं, आणि ते खरं वाटलं म्हणून जोही खरी वाटते.

मुंबईच्या वाचकाला इथे एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही, नीरजा भनोत. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीच्या विमानतळावर अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. केबिनमधून इशारा मिळताच वैमानिक कॉकपिटमधून निसटले, त्यामुळे विमान उडवून नेता येईना. अपहरणकर्त्यांनी पासपोर्ट गोळा करायला लावले, तेव्हा नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. शेवटी गोळीबार सुरू झाला, तेव्हा प्रवाशांना बाहेर काढताना ती मारली गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांना जो अतिशयोक्त वाटत नाही.

तिसरी तक्रार : नीती पटत नाही

आमची सभा खरी अडली ती इथे. सॅम कुर्द आहे. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया या चार देशांत विखुरलेले आहेत, त्यांचा स्वतःचा देश नाही. १९८८ साली सद्दाम हुसेनच्या सैन्यानं इराकमधल्या हलब्जा गावावर विषारी वायूचा मारा केला, हजारो कुर्द मेले. पुढे सीरियात ‘इस्लामिक स्टेट’शी लढताना अमेरिकेनं कुर्दांची साथ घेतली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात सीमेवरून आपलं सैन्य मागे घेतलं. लगेच तुर्कस्ताननं हल्ला केला. आपल्याला वापरून वाऱ्यावर सोडलं, हा सॅमचा राग आहे. तो कॅरीशी बोलतो आणि वाचकाला त्याचं दुःख दिसतं.

काहींना हेच पुस्तकाचं बळ वाटलं. निव्वळ राक्षसाला थांबवण्यात काय विशेष, असं त्यांचं म्हणणं. काहींना वाटलं, एवढा मोठा इतिहास चार-पाच पानांत उरकून टाकलाय. एका तरुण सदस्यानं विचारलं, ‘ज्या वाचकानं कुर्द हा शब्दच पहिल्यांदा ऐकला, त्याला तो दहशतवाद्याच्या तोंडूनच ऐकायला मिळावा का?’ हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. इस्लामिक स्टेटशी लढताना हजारो कुर्दांनी प्राण दिले, ते या गोष्टीत मागे पडतात.

आणि मग एक बाई बोलल्या, ज्या तोवर गप्प होत्या. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी त्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होत्या. त्यांच्या गाडीत पुढच्या एका डब्यात स्फोट झाला. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणता लेखिकेनं त्याचं कारण दिलं ते चांगलं केलं. मला त्याचं कारण ऐकायचंच नाही. मी ती पानं उलटून पुढे गेले.’

आम्ही त्यांना काय सांगणार? कारण सांगणं म्हणजे समर्थन नव्हे, हे आम्ही नेहमी म्हणतो आणि आजही म्हणू. कादंबरीकाराला खलनायकाच्या मनात शिरायचा हक्क आहे. पण वाचकानं तिथे त्याच्यासोबत शिरलंच पाहिजे, अशी सक्ती कुणी करू नये. पानं उलटणं हेही एक मत आहे, आणि त्या दिवशी त्या खोलीत ते सर्वांत महाग पडलेलं मत होतं.

मग मत द्यायचं कसं?

तर पुढच्या वेळी एखाद्या थरारकथेबद्दल ‘पटली नाही’ असं तोंडात आलं, की क्षणभर थांबून पाहावं. घटना अशक्य वाटली का? मग वर्तमानपत्रं जरा चाळावीत, कदाचित ती घडून गेलेली असेल. माणूस खोटा वाटला का? मग लेखकानं त्याला पुरेसं अडखळू दिलं नाही, असं म्हणावं. की पुस्तक आपल्याला ज्या बाजूला उभं करतंय, तिथे उभं राहायला मन तयार नाही? हा तिसरा नकार कथेच्या रचनेतला दोष नसतो, आणि त्याला कमी-जास्त गुण देऊन भागत नाही.

शेवटी श्रोत्यांपैकी एकांनी विचारलं, ‘एवढं सगळं झाल्यावर सांगा, वाचावी की नाही?’ आमचं उत्तर असं : वाचावी, शक्यतो एका बैठकीत. विमानप्रवासात वाचायची की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. न्यूमननी त्या वैमानिकाला विचारलेला प्रश्न आम्ही सभेच्या अखेरीस गटातल्या सगळ्यांना विचारला होता. चौदा माणसं, तोवर तास-दीड तास भांडणारी. कुणीच बोललं नाही. कादंबरी त्या प्रश्नाचं उत्तर फार पटकन देते, ही तिची उणीव आम्ही सांगितलीच. पण तो प्रश्न आमच्या खोलीत आणून ठेवला तो तिनंच.