आबांची ढास

गेल्या पावसाळ्यात आमच्या आबांना ढास लागली. खानापूरकडे पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना ओल, त्यामुळे सगळ्यांनी दोष पावसाला दिला. मेडिकलमधून खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आल्या नि संपल्या. आजीने ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला, दिवसातून तीनदा. ढास काही हटेना. कफ नाही, ताप नाही. घशात नुसती खवखव आणि रात्री आडवं झालं की एकामागून एक ठसके. त्यात महिन्याभराने बी.पी. मोजलं, तर एरवी १३० च्या आसपास असणारा वरचा आकडा १७०!

आबांना दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट घातलाय. म्हणून घाबरून बेळगावला त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर कन्नडभाषिक, मराठी जेमतेम. त्यांनी विचारलं, "खोकला आहे?" आबा म्हणाले, "खोकला नाही हो, नुसती ढास लागते." आबांच्या लेखी कफ पडतो तो खोकला, कोरडी ती ढास. डॉक्टर 'नाही' लिहून पुढे जाणार, तेवढ्यात मी मध्ये तोंड घातलं, "सर, ड्राय कफ." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ही रामिप्रिल कधीपासून सुरू आहे?"

पावसाच्या तोंडावरच सुरू झाली होती. आमच्यापैकी कुणीही त्या गोळीचा आणि ढासेचा संबंध लावला नव्हता.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही. पण त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगावंसं वाटतं. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एक आबा नाहीतर आजी असतातच, आणि त्यांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायचं काम आपल्याकडेच येतं.

रामिप्रिलच्या कुळाची गोष्ट सापापासून सुरू होते. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर संशोधन करताना रक्तदाब उतरवणारे घटक सापडले. त्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याचीच भावंडं. शरीरात एसीई नावाचं एक विकर असतं. रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करणं हे त्याचं काम. गोळी त्याला थांबवते, वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. पण हेच विकर ब्रॅडिकिनीन नावाचा दुसरा एक पदार्थ मोडून टाकायचंही काम करत असतं. तेही थांबतं, तो पदार्थ साठतो आणि घशा-फुफ्फुसातल्या नसांना चाळवतो. झाली ढास सुरू! म्हणजे गोळी बिघडलेली नव्हती. ज्या कामामुळे ती आबांना वाचवत होती, त्याच कामाचा हा दुसरा परिणाम. सगळ्यांना होत नाही, पण दुर्मीळही नाही. याच कारणाने क्वचित कुणाचे ओठ, जीभ, चेहरा एकदम सुजतो. तेव्हा मात्र वाट बघायची नाही, तडक दवाखाना. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, बाळाला अपाय होतो.

डॉक्टरांनी रामिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन दिली. ती पुढच्या पायरीवर काम करते, ब्रॅडिकिनीनच्या वाटेला जात नाही. तीनेक आठवड्यांत ढास गेली.

पण मग बी.पी. का वाढलं होतं? "अजून काय काय घेता?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर आबा म्हणाले, "काही नाही." आजी म्हणाली, "काढा तेवढा." काढ्याला आमच्याकडे औषध म्हणतच नाहीत, मग तो औषधांच्या यादीत येणार कसा? आणि घोळ तिथेच होता. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. थोडंसं चघळून काही होत नाही, पण रोज तीन वेळा महिनाभर म्हणजे बी.पी. चढणारच. ज्यांना लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन चालू आहे त्यांना तर हे जास्तच धोक्याचं. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन विषासारखं वागायला लागतं, हृदयाचे ठोके बिघडतात.

आजीच्या मिठाच्या बरणीतूनही एक गोष्ट निघाली. बी.पी.साठी चांगलं म्हणून कुणीतरी 'कमी सोडियमचं मीठ' आणून दिलं होतं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. रामिप्रिल काय, टेल्मिसार्टन काय, दोन्ही शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात; वरून हे मीठ, वरून रोज शहाळं. काढा खाली ओढतो, मीठ वर ढकलतं, म्हणजे बरोबरी झाली असं मला वाटलं होतं. डॉक्टर हसले आणि रक्त तपासायला पाठवलं.

तिसरी वस्तू आबांच्या खिशात होती: गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक. दुखलं की मेडिकलमधून दोन गोळ्या. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ही गोळी वर्ज्य. ती बी.पी. वाढवते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि पुन्हा झटका येण्याचा धोका वाढवते. आयब्युप्रोफेनचा आणखी एक खोडसाळपणा: अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतली तर तिची जागा अडवून बसते आणि अ‍ॅस्पिरिनचं काम होऊ देत नाही. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी, तीही विचारून.

बाकीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. मेटोप्रोलॉलने नाडी मंदावते, थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमा असेल तर आधी सांगायलाच हवं. मधुमेह्यांची साखर उतरली की होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो, तेवढीच खूण उरते. आणि ती एकदम बंद करायची नाही, नाहीतर छातीत दुखणं उलटून येतं. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. स्टॅटिनवर असताना अंग विनाकारण दुखलं, लघवी काळपट झाली तर कळवायचं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक त्या वेळी कुणी दिलं, तर ही गोळी चालू असल्याचं सांगायचं. स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल असेल तर पित्तासाठी स्वतःहून ओमेप्राझोल घेऊ नये, त्याने तिचा असर कमी होतो. दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवणारे लोक मला माहीत आहेत. तसं करणं म्हणजे स्टेंटमध्ये गुठळीला आमंत्रण.

सॉर्बिट्रेटबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण यात लाज आडवी येते. जिभेखाली ठेवली की वाहिन्या पसरतात, म्हणून डोकं ठणकतं. नायट्रोग्लिसरीनच्या कारखान्यातल्या कामगारांचंही डोकं असंच दुखायचं. औषध त्याच घराण्यातलं. बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर चक्कर येते. पण सिल्डेनाफिल घेतलेल्या माणसाला ही गोळी दिली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास ही गोळी चालत नाही. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलेल्या माणसाने, किंवा त्याच्या मित्राने, हे डॉक्टरांच्या कानात तरी सांगावं.

आता आमच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय. गोळी, कशासाठी, कधीपासून, आणि खाली काढे-चूर्णंसुद्धा. माझ्या कन्नड मैत्रिणीकडून लक्षणांचे शब्दही लिहून घेतलेत. कोरड्या ढासेला 'ओण केम्मु' म्हणतात. आबांनी ते पाठ केलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

ज्येष्ठमधाची बरणी काय करायची, असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "तू घे की. स्नेहसंमेलनात ओरडून तुझा घसा बसलाय."